आवटींची मागची भिंत

सहजीवन कॉलनीतल्या प्रत्येक घराची मागची भिंत सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत कुणीतरी हाताने धरून ठेवावी लागते. नऊनंतर ती आपली आपण उभी राहते. असं का, ते कॉलनीत कुणी कुणाला विचारत नाही. सगळ्यांच्याच घरी तसं असल्यामुळे विचारावंसं कुणाला वाटलेलं नाही.

आवटींच्या घरी ही भिंत स्वयंपाकघरात येते, ओट्याला लागून. इंदुमती आवटी ती एकतीस वर्षं धरत होत्या. धरायची एक रीत असते. तळवा छातीच्या उंचीवर पूर्ण टेकवायचा आणि जोर लावायचा नाही. जोर लावला तर भिंत बाहेर कलते, हात ढिला सोडला तर आत येते. एका हाताने भिंत, दुसऱ्याने भाजी. भाकरीला दोन्ही हात लागतात, तेव्हा उजवा खांदा टेकवायचा. दाराची बेल वाजली, दूध उतू जायला लागलं, तर मिनिटभर सोडलेली भिंत समजून घेते. त्याहून जास्त समजून घेत नाही.

रश्मी लग्न होऊन या घरात आली तेव्हा सासूबाईंनी तिला पहिल्याच आठवड्यात हातपालट शिकवली होती. आपला तळवा त्यांच्या हातावर ठेवायचा, वीसपर्यंत मोजायचं, मग खालचा हात हळूच काढून घ्यायचा. रश्मीला ते नवीन नव्हतं. माहेरी तिची आईही भिंत धरायची. नवीन एवढंच, की मधल्या काळात रश्मी स्थापत्य अभियांत्रिकी शिकली होती आणि पॉलिटेक्निकमध्ये मुलांना भिंतींवरचे भार शिकवत होती. स्थिर भार, चल भार, वाऱ्याचा भार. हाताचा उल्लेख एकाही पुस्तकात नव्हता. विभागप्रमुखांना एकदा विचारावं असं तिच्या मनात आलं होतं, पण कदाचित हे पहिल्याच वर्षाला शिकवलं असेल आणि आपण नेमक्या त्या दिवशी गैरहजर असू, अशी शंका येऊन ती गप्प बसली.

आता तिची मुलगी ओवी सात महिन्यांची झाली होती. बाळंतपणाची रजा संपली होती, वाढवून घेतलेली रजाही संपत आली होती. पंधरा तारखेला हजर झाली नाही तर करार रद्द, असं पत्र आलं होतं. ठरलं असं होतं, की रश्मी कामावर जाईल आणि आई, म्हणजे सासूबाई, भिंतीबरोबर ओवीलाही बघतील. आणि पाच तारखेला आईंना केस विंचरायला हात वर नेता येईना.

डॉक्टरांनी खांदा आखडल्याचं सांगितलं. सहा महिने उजव्या हाताला आराम. डावा हातही फार वापरायचा नाही, नाहीतर तोही त्याच वाटेने जाईल. काम काय करता, असं त्यांनी विचारलं. आई म्हणाल्या, काही नाही, घरीच असते. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, विशेष श्रम नाहीत. रश्मी शेजारीच बसली होती. तिने ते वाचलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि फी किती झाली ते विचारलं.

त्या दिवसापासून ओवी कडेवर आणि तळवा भिंतीवर, अशी ती उभी राहू लागली. उभ्या उभ्या ती याद्या करायची. हर्षद, तिचा नवरा, चाकणला कंपनीत होता आणि पंधरा दिवसांनी घरी यायचा. आला की रविवारी तासभर भिंत धरायचा आणि जेवताना तळवा सगळ्यांना दाखवायचा. फोनवर तो म्हणाला, काहीतरी सोय होईल, टेन्शन घेऊ नकोस. रश्मीने टेन्शन घेतलं. शेजारच्या कुसुमकाकू स्वतःच्या भिंतीला बांधलेल्या. पाळणाघर ओवीला घेईल, भिंतीला घेणार नाही. सासरे सदाशिव आवटी, म्हणजे अण्णा, हे नाव एकाही यादीत आलं नाही. ते दिवसभर बाहेरच्या खोलीत असत, पण ते आहेत हे मोजायचं तिला सुचलं नाही. फ्रीजला कुणी बाळ बघायला सांगत नाही, तसंच ते होतं.

शेवटी नगरपरिषदेची एक योजना सापडली. घरातली धरणारी व्यक्ती आजारी पडली तर परिषद रोज सहा तासांसाठी प्रशिक्षित हात पाठवते. रश्मीने अर्ज केला. आठ तारखेला उत्तर आलं. नोंदीनुसार आपली मागची भिंत स्वयंस्थिर आहे, सबब अर्ज नामंजूर.

अण्णा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. छत्तीस वर्षं कुठली गाडी किती मिनिटं उशिरा लागली हे लिहून ठेवलेला माणूस. त्यांनी कपाटातून फाइल काढली. दर एप्रिलला परिषदेचा फॉर्म येतो, मागची भिंत स्वयंस्थिर की हस्ताधारित, योग्य तिथे खूण करा. एकतीस फॉर्म, एकतीस खुणा, सगळ्या पहिल्या चौकोनात, खाली कुटुंबप्रमुखाची सही.

"खोटं काही लिहिलेलं नाही मी," अण्णा म्हणाले. "रोज बघत होतो. भिंत उभीच होती."

"कुठून बघत होता?" आईंनी विचारलं.

अण्णांनी बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीकडे बघितलं. तिथून स्वयंपाकघराचं दार दिसतं, आणि दारातून फ्रीज.

नोंद बदलायची असेल तर चाचणी असते. तेरा तारीख मिळाली. भिंत निरीक्षक म्हणून मुल्ला मॅडम आल्या. चाळिशीच्या, खांद्याला पिशवी, पिशवीत ओळंबा आणि घड्याळ. आल्या आल्या त्यांनी सांगितलं, की त्यांच्या घरची भिंत त्यांच्या अम्मी दोन वाजेपर्यंतच धरतात, तेव्हा उशीर करून चालणार नाही. मग नियम वाचून दाखवला. भिंत तीन मिनिटं पूर्ण मोकळी सोडायची. घरातले दोघे साक्षीदार. चार इंचांच्या आत झुकली तर हस्ताधारित अशी नोंद होईल आणि उद्यापासून हात मिळेल. हलली नाही तर स्वयंस्थिर कायम. चार इंचांच्या पुढे गेली तर घर राहण्यास अयोग्य, सात दिवसांत खाली करावं लागेल.

"चारच्या पुढे जाईल का हो?" रश्मीने विचारलं.

"तुम्ही सिव्हिलच्या ना," मॅडम म्हणाल्या. "तुम्हीच सांगा."

 रश्मीकडे सूत्र नव्हतं.

मॅडमनी वरच्या खिळ्याला ओळंबा लावला, घड्याळ सुरू केलं. आईंनी डावा तळवा काढला. भिंत हलली नाही. अर्धं मिनिट गेलं, एक मिनिट गेलं. ओळंबा जागचा हलेना. अण्णांच्या चेहऱ्यावर किंचित समाधान आल्याचं रश्मीला दिसलं. उद्या हात मिळणार नाही, परवा पंधरा तारीख.

"आजी," मॅडम घड्याळ थांबवून म्हणाल्या, "कंबर टेकलीये तुमची."

आईंनी खाली बघितलं. खरंच टेकली होती. त्या ओशाळून पुढे सरकल्या. पुन्हा घड्याळ. पुन्हा ओळंबा स्तब्ध. या वेळी टाच लागली होती. तिसऱ्या वेळी त्या भिंतीपासून हातभर लांब उभ्या राहिल्या आणि मॅडमनी आकडा लिहायला पेन काढेपर्यंत त्यांच्या उजव्या हाताची बोटं, तो हात वर जात नव्हता तरी, मागे जाऊन भिंतीला लागली होती. मी मुद्दाम करत नाही हो, असं त्या दोनदा म्हणाल्या. मुद्दाम करत नव्हत्याच. शरीराला ठाऊक होतं, विचारत नव्हतं.

मॅडमनी घड्याळात बघितलं. दीड वाजत आला होता. ही शेवटची वेळ, नाहीतर हलली नाही असं लिहून मला निघावं लागेल, असं त्या म्हणाल्या. तेव्हा रश्मीने ओवीला उचललं, आईंना दंडाला धरून बाहेरच्या खोलीत नेलं, अण्णांच्या खुर्चीत बसवलं आणि ओवीला त्यांच्या मांडीत दिलं. त्या खुर्चीत आई पहिल्यांदाच बसत होत्या. ओवीला बसवलं की आईंना उठता येणार नव्हतं.

घड्याळ सुरू झालं. स्वयंपाकघरात रश्मी, अण्णा आणि मॅडम. कुणीच भिंतीजवळ नाही.

पहिलं मिनिट भिंतीने समजून घेतलं. मग मांडणीवरच्या डावांचा एकमेकांवर लागून बारीक आवाज झाला. ओळंब्याचा दोरा भिंतीपासून सुटा झाला. एक इंच. गॅसच्या मागे भिंत आत यायला लागली, सावकाश, झोपलेलं माणूस कुशीवर वळतं तशी. दीड इंच. फोडणीच्या डब्याचं झाकण घरंगळून ओट्यावर आलं.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "कुणी हात लावायचा नाही. एक मिनिट राहिलं."

दोन इंच. रश्मी मनात वेग काढत होती. मिनिटाला दोन इंच, म्हणजे शेवटी चार, बरोबर चार, आणि बरोबर चार हे आत धरतात की पुढे, हे विचारायचं राहून गेलं होतं. अण्णांच्या हातात साक्षीदाराचं पेन होतं. ते भिंतीकडे बघत होते. एवढ्या जवळून त्यांनी ती पूर्वी बघितलेली नसावी. छातीच्या उंचीवर तिथे रंग नव्हता, एका तळव्याएवढी जागा गुळगुळीत, तेलकट, काळपट झाली होती. तिच्याखाली खांद्याएवढी दुसरी.

बाहेरून आईंचा आवाज आला. "अहो, काय होतंय तिकडे? कोणी सांगाल का मला?"

अण्णांचं पेन खाली पडलं. ते पुढे गेले आणि दोन्ही हात भिंतीला लावले.

मॅडमनी घड्याळ थांबवलं. दोन मिनिटं पन्नास सेकंद. त्यांनी एक सुस्कारा सोडला आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, की तीन मिनिटं पूर्ण न झाल्याने चाचणी अपूर्ण, पुढील चाचणी सहा महिन्यांनी, तोपर्यंत प्रशिक्षित हात देता येणार नाही.

 रश्मी बोलली असती तर रडली असती, आणि मॅडमना दोन वाजता घरी पोचायचं होतं. अण्णा भिंतीला तसेच चिकटून होते, कोपरं ताठ, श्वास रोखलेला, आणि त्यांच्या जोराने भिंत मागे सरकत होती.

"जोर लावू नका," रश्मी शेवटी म्हणाली. "नुसता तळवा टेकवा. एक हात पुरतो."

त्यांनी एक हात काढला. भिंत थोडी विचारात पडली आणि मग दीड इंच आत, तिथेच थांबली.

"शेऱ्यात मला एक गोष्ट लिहिता येईल," मॅडम म्हणाल्या. "निरीक्षणाच्या वेळी भिंत कोणी धरली होती ते. धारकाचं नाव सांगा."

"सदाशिव मल्लाप्पा आवटी," अण्णांनी सवयीने सांगितलं. फॉर्मवर एवढंच नाव असायचं. मग ते थांबले. "ते नको. आधी दुसरं लिहा. इंदुमती सदाशिव आवटी. एकतीस वर्षं, रोज सकाळी सहा ते रात्री नऊ. लिहिलं?"

"लिहिलं."

"विलंब नाही. गैरहजेरी नाही." त्यांचा आवाज फलाटावरचा झाला होता. "त्यांच्या आधी गंगाबाई मल्लाप्पा आवटी, त्या माझ्या आई. त्यांची वर्षं मला माहीत नाहीत. माहीत नाहीत असंच लिहा. सात महिने अर्धा वेळ रश्मी हर्षद आवटी. आजपासून मी."

मागचे फॉर्म दुरुस्त करता येतात का, हेही त्यांनी विचारलं. मॅडम म्हणाल्या, येत नाहीत, पण शेरा जोडता येतो. एकतीस फॉर्मना एकतीस शेरे जोडावेत, अशी विनंती अण्णांनी उभ्या उभ्या केली. सही करायला उजवा हात मोकळा नव्हता म्हणून डाव्या हाताने केली. ती त्यांच्या सहीसारखी दिसत नव्हती. मॅडमनी चालेल म्हटलं.

बाहेर आईंनी सगळं ऐकलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, की नावं घ्यायला यांना भिंत लागली.

चौदा तारीख शिकवण्यात गेली. अण्णा प्रश्न फार विचारत. चहा कसा प्यायचा, चष्मा कसा पुसायचा. दुपारी त्यांनी आईंना हाक मारून विचारलं, नाक खाजलं तर काय करायचं.

"मन दुसरीकडे न्यायचं," आई म्हणाल्या.

"कुठे?"

"ते ज्याचं त्याने बघायचं."

पंधरा तारखेला रश्मीने सहा ते नऊ भिंत धरली, डबा भरला आणि नऊ वाजता अण्णांनी आपला तळवा तिच्या हातावर ठेवला. वीसपर्यंत त्यांनी मोठ्याने मोजलं. ओवी त्यांच्या पायांशी चटईवर वाटी आपटत बसली होती. रश्मीने हात काढला, पर्स घेतली, दारातून दोनदा परत आली, दोन्ही वेळा काही विसरलं नव्हतं. अण्णा म्हणाले, गाडी लागली असेल.

आई चप्पल घालून तयार होत्या. थोडं येते बरोबर, असं म्हणाल्या. फाटकापाशी त्या स्टँडकडे न वळता कॉलनीच्या मागच्या बोळाकडे वळल्या. या बोळात कुणाचंच काही काम नसतं. एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला बारा घरांच्या बारा मागच्या भिंती, एका ओळीत.

आई बोळाच्या मध्यावर थांबल्या. उजवा हात गळ्यातल्या झोळीत होता, डाव्या हाताचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. तो त्यांनी पदराच्या टोकात गुंडाळला.

"यातली आपली कुठली?" त्यांनी विचारलं.

रश्मीने कोपऱ्यापासून घरं मोजली. सातवी किंवा आठवी. आवटींची भिंत दीड इंच आत होती, ती ओळखू यायला हवी होती. तिने एक डोळा मिटून ओळीवरून नजर फिरवली, मुलांना शिकवते तशी.

"कळत नाही, आई. सगळ्याच सरळ दिसतायत."

"दिसणारच," आई म्हणाल्या. "या वेळेला सगळ्याजणी असतात घरी."

त्या आणखी थोडा वेळ भिंतींच्या त्या ओळीकडे बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी रश्मीला सांगितलं, तू जा, तुला उशीर होईल, मी ओढ्याच्या टोकापर्यंत जाऊन येते.