हनीफभाईंची मरळ

दापोडीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी हनीफभाईंचं गॅरेज आहे. गिऱ्हाइकाच्या शब्दावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "कालच ऑइल बदललंय" असं कुणी म्हणालं, की ते चष्मा कपाळावर चढवतात आणि म्हणतात, "खोलके बघू." माझी स्कूटर त्यांनी इतक्या वेळा खोलली आहे, की तिच्यात मूळचं काय उरलंय ते तेच जाणोत.

हाच माणूस शुक्रवारी गळ घेऊन नदीवर गेला, की पार बदलतो. "पाण्यावर बसलेला आदमी झूट कशाला बोलेल, साहेब?" त्यामुळे कुणीही यावं आणि भाईंना काहीही सांगावं. गळाला लावायच्या कणकेत हिंग घाला. घातला. टोपी उलटी घाला. घातली. गोळीला अत्तर चोळा, म्हणाला एक. भाईंनी ईदची बाटली रिकामी केली. कितीतरी दिवस गॅरेजला ग्रीस आणि गुलाब असा वास येत होता. मासा एक नाही.

शिवाय मोक्याच्या जागा. आळंदीच्या पुढची एक जागा त्यांनी मला कधीच सांगितली नाही, कारण सांगणाऱ्याला शब्द दिला होता. चहाच्या टपरीवर ती सगळ्यांना माहीत होती. तिथल्याच टवाळांनी ती मनानं रचून भाईंना सांगितली होती.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग गेल्या वर्षी भाभींच्या पोटाचं ऑपरेशन झालं आणि त्या अंथरुणाला खिळल्या. डॉक्टरांनी माझ्यादेखत स्पष्ट सांगितलं, की आता फार काही करण्यासारखं नाही. भाईंना ते पटलं नाही. डॉक्टरांच्या हातात गळ नव्हता. नदीवरचं कुणीतरी म्हणालं, मरळ खायला घाला, बाई उठून चालायला लागेल. पण बाजारातली पाळलेली नको, नदीचीच हवी. ते मात्र लगेच पटलं.

तेव्हापासून रोज सकाळी गॅरेजला कुलूप. पवना झाली, इंद्रायणी झाली, चाकणच्या पलीकडची भामा झाली. माणूस वाळत चालला. मला संताप यायचा, सांगणाऱ्यांचा आणि ऐकणाऱ्याचाही. बायकोजवळ बसायचं सोडून हा काय करत होता?

एके दिवशी खबर आली, की इंद्रायणीच्या वळणावर मासे आपण होऊन काठाला येतायत. भाईंनी मलाही ओढून नेलं. खबर खरी निघाली. पाण्यावर पांढरा फेस, नाकाला झोंबणारा वास आणि काठापर्यंत उलटे पडलेले मासे. वरून कुणीतरी काहीतरी सोडलं होतं. लोक पोती भरत होते. त्या सगळ्या मढ्यांत एक मरळ तेवढी तोंड वर काढून हवा घेत होती. मरळीला ते जमतं म्हणे. भाई कपड्यांसकट आत शिरले आणि तिला दोन्ही हातांनी उचलून आणलं.

पण असली मरळ भाभींना घालायची कशी? पोतं भरणारा एकजण म्हणाला, "पंधरा दिस चांगल्या पान्यात ठिवा. समदं इख निघून जातंय." भाईंनी त्याचे हात हातात घेतले.

गॅरेजमध्ये निळा ड्रम आला. भाई सकाळ-संध्याकाळ त्यातलं पाणी बदलायचे. संध्याकाळी भाभींना खुर्चीत बसवून ड्रमजवळ आणायचे.

"झाली का साफ तुमची मरळ?" भाभी विचारत. "माझ्यापेक्षा तिचीच जास्त खिदमत चाललीय."

"थोडे दिवस आणखी. मग तू चालशील."

दोघं ड्रममध्ये बघत बसत. पंधरा दिवस काही भाभींना मिळाले नाहीत.

परवा मी ब्रेक दाखवायला गेलो, तर ड्रम तिथंच. वर जाळी. भाई पाणी बदलत होते. न राहवून मी म्हणालो, "आता कशाला ठेवलीय, भाई? सोडून द्या."

"कुठं सोडू? त्या पाण्यात?"

भाई जाळीवर हात ठेवून उभे राहिले. "घरात आता बोलायला कुणी नाही, साहेब. हिला तुमच्या भाभीनं रोज बघितलंय." त्यांनी विचारलं, "मरळ किती जगते, माहीत आहे तुम्हाला?"

मला माशांतलं ओ की ठो कळत नाही.

"खूप," मी म्हणालो. "वीस-वीस वर्षं. माझ्या ओळखीच्या एकाकडे आहे ना."

"वीस?"

"जास्तच."

भाईंनी समाधानानं मान डोलावली, बादली उचलली आणि नळाकडे गेले.