अंधारात वाचता येईल असं घड्याळ

"घड्याळ मी निवडणार. यात कुणी मध्ये पडायचं नाही," दातांच्या डॉक्टरांनी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं आणि वाढलेला भात तसाच ठेवून ते उठले. आनंदाने माणसाची भूक जाते ती अशी.

त्यांच्या लेकीने, घरात जिला अजूनही चिमणी म्हणत तिने, शेवटची परीक्षा पास केली होती. पुढच्या आठवड्यापासून ती प्रवाशांनी भरलेल्या विमानात उजव्या, म्हणजे सहवैमानिकाच्या, खुर्चीत बसणार होती. आईने सुचवलं, तिला मऊ तळव्यांचे चांगले बूट घेऊ. डॉक्टरांनी बायकोकडे असं पाहिलं, जणू तिने दातदुखीवर लवंग सुचवली होती.

"अहो, पण एकदा तिला विचारा तरी."

"विचारून दिली तर ती भेट कसली?"

झालं, डॉक्टर अभ्यासाला लागले. वैमानिकांच्या घड्याळांचा सगळा इतिहास त्यांनी पालथा घातला, आणि जे जे वाचलं ते ते रोग्यांना सांगितलं. दातांच्या डॉक्टरांना असा श्रोता फुकटात मिळतो. त्याचं तोंड उघडं असतं, पण बोलता येत नाही.

"पूर्वी घड्याळ खिशात असायचं," एका बाईंच्या दाढेत ड्रिल घालत ते सांगायचे. "पण दोन्ही हात विमानाच्या दांड्यावर, मग खिशात हात घालणार कोण? म्हणून एका वैमानिकाने आपल्या घड्याळजी मित्राला गळ घातली, आणि घड्याळ आलं मनगटावर. आहे की नाही गंमत?"

"आँ," बाई म्हणायच्या. डॉक्टरांना ते नवल वाटायचं. बाईंना दुखत असायचं.

जुन्या विमानांना छप्पर नव्हतं, वर मरणाची थंडी, म्हणून वैमानिक जाड हातमोजे घालत, आणि मोज्यांतूनही फिरवता यावी म्हणून घड्याळाची चावी चांगली कांद्याएवढी असे, हा भाग डॉक्टरांचा विशेष आवडता होता. त्यामुळे घड्याळ घ्यायला निघताना त्यांनी शेजाऱ्याचे मोटारसायकलवर घालायचे काळे हातमोजे मागून आणले.

"तिच्या विमानाला काचा आहेत. आत एसी आहे," बायको म्हणाली.

"घड्याळाला ते ठाऊक नसतं," डॉक्टर म्हणाले.

दुपारी दवाखान्यात जरा उसंत मिळताच ते तडक बाजारातल्या मोठ्या घड्याळांच्या दुकानात गेले. आता दिवसभर मास्क लावणाऱ्या माणसाला मास्कची इतकी सवय होते, की तो आपल्या तोंडावर आहे हे त्याच्या गावीही नसतं. भर उन्हाळ्यात, तोंड झाकलेला, काळे हातमोजे घातलेला एक गृहस्थ दुकानात शिरला आणि हळू आवाजात म्हणाला, "तुमच्याकडची सगळ्यात चांगली घड्याळं बाहेर काढा."

मालक सभ्य होते. त्यांनी काढली.

डॉक्टरांनी एक भलंमोठं घड्याळ उचललं, मोज्यांसकट चावी ओढली. सेकंदकाटा जागच्या जागी थांबला, जुन्या वैमानिकांना आपापली घड्याळं सेकंदाबरहुकूम जुळवता यावीत म्हणून थांबायचा तसाच. "वा. सगळी तुकडी एकाच क्षणी निघायची असेल, तर असंच लागतं," ते समाधानाने पुटपुटले.

"तुकडी?" मालकांनी विचारलं.

"हो. एक जरी मागे राहिला तरी घोटाळा." डॉक्टरांनी घड्याळ मनगटावर चढवलं. "आता एक काम करा. दुकानातले दिवे घालवा."

"कुठले?"

"सगळेच. आणि शटर थोडं खाली घ्या, बाहेरून उजेड येतोय."

मालक म्हणाले, "हो हो, लगेच," आणि बटण शोधायला म्हणून गल्ल्याखाली वाकले. बटण त्यांना सापडलं. कानठळ्या बसवणारी घंटा वाजली, शटर धाडकन खाली आलं, दारातल्या रखवालदाराने मागून डॉक्टरांना मिठी मारली, आणि या धांदलीत त्याचं कोपर दिव्यांच्या बोर्डावर आपटलं. दुकानात मिट्ट काळोख झाला.

त्या काळोखात, त्या मगरमिठीत, डॉक्टरांचा हरखलेला आवाज आला. "अहो बघा, बघा. बाराच्या जागचा त्रिकोण अंधारातही दिसतोय. शेजारचे दोन ठिपकेसुद्धा."

दिवे लागले तेव्हा ते एका स्टुलावर होते आणि रखवालदाराचा हात त्यांच्या खांद्यावर होता.

"मी दातांचा डॉक्टर आहे," ते म्हणाले. "मुलीला घड्याळ घ्यायला आलो. ती पायलट आहे."

"मुलीला? हे?" मालकांनी त्या बशीएवढ्या घड्याळाकडे पाहिलं.

मालकांच्या गालाकडे निरखून पाहत डॉक्टरांनी पुरावा द्यायचं ठरवलं. "तुम्ही डाव्या बाजूने चावत नाही. घासही उजवीकडेच घेता. बरोबर?"

मालक पांढरेफटक पडले. "बघ रे," ते रखवालदाराला म्हणाले, "किती दिवस पाळतीवर आहेत कोण जाणे."

शेवटी डॉक्टरांनी लेकीला फोन लावून द्यायची विनंती केली. ती गणवेश घालून पाहत होती, तशीच धावत आली. शटर वर गेलं आणि दारात ती उभी राहिली. पांढराशुभ्र शर्ट, खांद्यावर सोनेरी पट्ट्या. डॉक्टरांनी तिला या वेषात कधी पाहिलं नव्हतं. रखवालदाराने खांद्यावरचा हात काढून सलाम ठोकला. डॉक्टरही उभे राहिले. आपण कुठे आहोत, कशासाठी अडकलोय, सगळं त्यांच्या डोक्यातून गेलं.

"बाबा," ती म्हणाली, "आधी तो मास्क काढा."

मास्कखालून हसरा, घामाघूम चेहरा निघाला आणि मालकांनी पाणी मागवलं. मग माफी कुणी मागायची यावर थोडा वेळ दोघांचं आग्रहाचं भांडण झालं.

चिमणीने ते घड्याळ हातात चढवलं. ते मनगटावरून निघालं आणि कोपराशी थांबलं.

"छान आहे," ती म्हणाली.

"खरं सांग."

"बाबा, वेळ आम्हाला समोरच्या पडद्यावर दिसते. मोठ्या आकड्यांत."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "मग हातात घड्याळ कशाला घालतात?"

तिने बापाकडे पाहिलं. "समोरचं सगळं बंद पडलंच तर? तेव्हा हातातलंच कामाला येतं. फक्त अंधारात वाचता यायला हवं."

"ते मी स्वतः तपासलंय."

"दिसतं, ताई," रखवालदार म्हणाला. "मीही पाहिलंय."

मालकांनी त्याच घराण्यातलं एक बेताचं घड्याळ काढलं. तसाच त्रिकोण, तशीच ठसठशीत चावी, पण मनगटावर नीट बसणारं. चिमणीने ते बांधलं आणि हात वळवून वळवून पाहिलं. पसंत पडल्याचं तिला सांगावं लागलं नाही.

"एक फोटो घेऊ? दुकानात लावायला," मालकांनी विचारलं. "असं गिऱ्हाईक रोज येत नाही."

डॉक्टरांनी लगबगीने केस सारखे केले, सदरा खाली ओढला आणि ते लेकीशेजारी ताठ उभे राहिले.

"काका," मालक अदबीने म्हणाले, "तुम्ही जरा बाजूला होता का? मागची काच झाकली जातेय."

डॉक्टर बाजूला झाले. शटर उघडलं म्हणून एक नवं गिऱ्हाईक आत येऊन उभं होतं, त्याच्याजवळ सरकून ते म्हणाले, "मुलगी आहे माझी. विमान चालवते."

"वा, वा," त्या माणसाने कौतुकाने मान डोलावली आणि खिशातून आपलं बंद पडलेलं घड्याळ काढून त्यांच्या हातात ठेवलं. "मग मालक, एवढा सेल बदलून द्या."

डॉक्टरांनी ते घेतलं आणि लेकीवरची नजर न काढता म्हणाले, "बसा. होईल."