मामांचा कोपरा आणि तीस हुशार उंदीर

म्हातारपण हा आजार नसून नोंदी ठेवण्यातली ढिलाई आहे, असं आमच्या संस्थेचं अधिकृत मत आहे. वय झालं की मेंदूतल्या फायली जागेवर सापडत नाहीत, इतकंच. त्यावर उपाय म्हणून आम्ही एक पूरक भुकटी तयार केली आणि साठ म्हाताऱ्या उंदरांवर तिचा प्रयोग केला. मी तिथला नोंदणी कारकून. माझी कुणाबद्दलही तक्रार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रयोग सोपा होता. दुधट पाण्याचा चौकोनी हौद, आणि एका कोपऱ्यात पाण्याखाली, दिसणार नाही असा, एक छोटा पाट. उंदराने पोहत जाऊन तो शोधायचा. कालची जागा आठवली तर सुटला, नाही तर बसला पोहत. तिसांना भुकटी, तिसांना नुसतं खाणं.

भुकटी कडूजहर. उंदीर तिला तोंड लावेनात (त्यांनी जाहिरात वाचलेली नव्हती). म्हणून प्राणिघर सांभाळणारे मामा ती कणकेच्या गोळीत घालून एकेकाला तळहातावर घ्यायचे आणि सकाळ-संध्याकाळ गोंजारून, गप्पा मारत भरवायचे. उरलेल्या तिसांचं खाणं वाटीत पडायचं. त्यांच्याशी बोलण्याची नियमावलीत तरतूद नव्हती.

मामांना इथे एकतीस वर्षं झाली होती. हल्ली मात्र ते विसरायला लागले होते. किल्ली कुलपातच राही, चष्मा उंदरांच्या भुशात सापडे, एकाच दिवसाची हजेरी तीनदा लागे. आता स्मरणशक्तीच्या प्रयोगशाळेत विसराळू माणूस ठेवणं बरं दिसत नाही, म्हणून तसा नियमच आहे. मामांना त्याची धास्ती होती. घरी बसवलं तर दिवसभर भिंतीकडे बघत बसावं लागेल, असं ते मला दर दोन दिवसांनी नव्याने सांगत. म्हणून ते स्वतःही गुपचूप भुकटी खात. खाल्ली की नाही ते आठवत नसल्यामुळे दोनदा खात. आणि पाट कुठे आहे हे विसरू नये म्हणून उंदरांची पाळी सुरू झाली की पाटाच्या कोपऱ्यावर जाऊन उभे राहत, ती संपेपर्यंत हलत नसत. हे मला ठाऊक होतं. पण नोंदवहीत त्यासाठी रकाना नव्हता.

निकाल डोळे दिपवणारे होते. भुकटीवाले सरासरी नऊ सेकंदांत पाट गाठत, बिनभुकटीवाले चौपन्न सेकंदांत (पैकी दोघे नाद सोडून नुसते तरंगत). संचालकबाईंनी आलेख भिंतीवर लावला, भुकटीच्या डब्यावर चष्मा लावलेला उंदीर छापून घेतला आणि प्रात्यक्षिकाला पाहुणे बोलावले.

नेमके त्या दिवशी मामा आले नाहीत.

पहिला उंदीर हौदात सोडला. तो एका कडेला गेला, मान वर करून बघितलं, मग दुसऱ्या कडेला गेला. पाटाला पाय लागला तरी थांबला नाही, शोधतच राहिला. पुढच्या चौघांनी तेच केलं. बाई जराही डगमगल्या नाहीत. उंदरांचा आत्मविश्वास आता इतका वाढला आहे की त्यांना पाटाची गरजच वाटत नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

चाळीस मिनिटांनी मामा आले. दोन पायांत दोन वेगळ्या चपला. एकतीस वर्षांचा रस्ता चुकले होते. आले ते सवयीने कोपऱ्यावर जाऊन उभे राहिले. हौदातला उंदीर गर्रकन वळला आणि सरळ त्यांच्याकडे निघाला. मग उरलेले सगळे, एकामागून एक, नऊ-नऊ सेकंदांत. शेवटचा तर ओल्या अंगाने मामांच्या तळहातावर चढून बसला. मामांनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि मला विचारलं,

"गोड आहे हो. कुणाचा?"

"तुमचाच, मामा," मी म्हटलं.

मला फार वाईट वाटलं. त्यासाठीही रकाना नव्हता.

बाईंनी जागच्या जागी निष्कर्ष काढला. भुकटी उंदरांवर सिद्ध झाली. मामांवर ती सिद्ध करण्याचा संस्थेचा कधीच दावा नव्हता. मामांना दुसऱ्या दिवसापासून सन्मानपूर्वक घरी बसवण्यात आलं. ते तीस उंदीर तेव्हापासून गोळीला तोंड लावत नाहीत, पण तोवर प्रयोगाची मुदत संपली होती, त्यामुळे हे मोजण्यात आलेलं नाही.

डबा मात्र तुफान खपतो आहे. शंभरातले ब्याऐंशी डबे मुलं आपल्या आईवडिलांसाठी घेतात आणि घरपोच पाठवतात, म्हणजे जाणं-येणं वाचतं. मामांच्या मुलानेही दोन पाठवले. डब्यासोबत चमचा मिळतो (भरवणारा आपला आपण बघावा).

तुमचीही मागणी नोंदवून घ्यायला मी बसलोच आहे. डब्याचा रंग कुठला, आकार केवढा, ते नंतर बघू. आधी आईवडील हल्ली कुठे राहतात तो पत्ता सांगा. घाई नाही. आठवून सांगा.