गवईदादा आणि आभाळातला रेडिओ

बंद पडलेलं बटन गवईदादांना बघवत नाही. आम्ही दोघं बहारीनमध्ये, मनामातल्या एकाच हॉटेलात नोकरीला, मी परचेसमध्ये आणि ते मेंटेनन्समध्ये. लिफ्टमध्ये शिरल्यावर बाकीचे लोक आरशात बघतात, दादा बटनं बघतात. दार लवकर बंद करायचं बटन आमच्या लिफ्टमध्ये कित्येक वर्षं नुसतं शोभेला होतं. पाहुणे ते दाबायचे, दार आपल्या वेळेनं बंद व्हायचं, कुणाची काही तक्रार नव्हती. एका रमजानात हॉटेल रिकामं असताना दादांनी पॅनेल उघडून ते चालू केलं. पुढचा आठवडाभर लोकांच्या बॅगा दारात अडकत होत्या. मॅनेजरनं बोलावून विचारलं, तर दादा शांतपणे म्हणाले, "सर, बटन है तो उसका काम होना चाहिए."

हेच वाक्य मी वऱ्हाडीत शंभरदा ऐकलंय. "ताई, बटन हाये म्हंजे त्याले काम असलंच पाहिजे. कंपनी येडी हाये काय?"

वामन गवई मूळचे अकोल्याजवळच्या एका खेड्यातले. पन्नाशीला टेकलेले, अंगानं बारीक, शर्टाच्या खिशात टेस्टर. बहारीनमध्ये येऊन त्यांना बावीस वर्षं झाली. सनाबिसला आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावरच्या एका खोलीत राहतात. जयंतीच्या कार्यक्रमात साउंड सिस्टीम त्यांच्याकडे असते आणि भाषण करणाऱ्याला ते आधी "हॅलो, हॅलो" नीट म्हणायला शिकवतात. बोलायची भारी हौस. जिन्यात भेटले तर दूध नासेपर्यंत सोडत नाहीत, असं माझा नवरा मिलिंद म्हणतो. तरी शनिवारी पोह्याला त्यांना हाक मारायला तोच जातो.

तर अशा माणसाच्या हाती ती मोटरसायकल लागली.

आमच्या हॉटेलात एक अमेरिकन गृहस्थ तीन-चार वर्षं मुक्कामाला होते. त्यांच्या खोलीचा एसी दादांशिवाय कुणाचं ऐकत नसे. मायदेशी परतताना त्यांनी आपली लांबच्या प्रवासाची मोटरसायकल दादांना जवळजवळ देऊनच टाकली. मोटरसायकल कसली, दोन चाकांवरचा सोफा होता तो. मागे पाठ टेकायला गादी, दोन्ही बाजूंना पेट्या, पुढे काच आणि काचेखाली रेडिओ. दादांची उंची बघता ते गाडीवर बसलेत की गाडीनं त्यांना कडेवर घेतलंय, ते लांबून कळत नसे.

रेडिओवर एफएम होतं, एएम होतं. आणि तिसरं एक बटन होतं, सॅटेलाइटचं. ते दाबलं की पडद्यावर इंग्रजीत अक्षरं यायची, अँटेना नाही.

दादांचं मन गाडीवरून उडालं ते तिथंच. एवढं धूड दारात उभं, पण त्यांना दिसायचं ते एकच बटन. त्यांनी चौकशी केली. अमेरिकेत थेट उपग्रहावरून गाणी, बातम्या येतात आणि गाडी हजार मैल गेली तरी स्टेशन बदलावं लागत नाही, असं त्यांना कळलं. त्यासाठी एक डबी आणि एक अँटेना वेगळी बसवावी लागते. मिलिंदनं त्यांना समजावलं, "दादा, ती सर्व्हिस अमेरिकेपुरतीच आहे. तो उपग्रह इथं नाहीच."

"आभाय एकच हाये ना?" दादा म्हणाले.

"आभाळ एकच आहे, पण..."

"मंग झालं."

आमची सई बारा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. तिनं पोह्यातून मान वर न काढता 'अंकल, जस्ट यूज ब्लूटूथ' असा सल्ला दिला. दादांनी तिच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "बेटा, ते म्हंजे आपल्याच खिशातलं गाणं आपुनच ऐकनं. रेडिओवर दुसरं मानूस बोलते."

डबी आणि अँटेना अमेरिकेहून कुणाच्या तरी सामानातून आली. मीना सलमान बंदराजवळच्या एका वर्कशॉपमध्ये मल्याळी मेकॅनिकच्या मदतीनं दादांनी तीन शुक्रवार घालवून ती बसवली. गाडीची सीट, पेट्या, काच, सगळं उतरवून परत चढवलं. चार स्क्रू उरले, ते कुठले हे दोघांनाही सांगता आलं नाही. संध्याकाळी दादा बहारीनी हलव्याचा डबा घेऊन आमच्या दारात.

"लागला रेडिओ?" मी विचारलं.

"लागलाच म्हना. आधी म्हने अँटेना नाई. आता म्हने सिग्नल नाई. म्हंजे अँटेना हाये हे मानलं ना त्यानं."

त्या प्रगतीबद्दल आम्ही हलवा खाल्ला.

मग सिग्नलचा शोध सुरू झाला. सनाबिसला इमारती आड येतात, म्हणून दादा रिफाकडे गेले. तिथं बंगल्यांच्या भिंती आड आल्या, म्हणून ते थेट दक्षिणेच्या वाळवंटात जाऊ लागले. दर शुक्रवारी सकाळी गाडी पश्चिमेकडे तोंड करून उभी करायची, अँटेना अॅल्युमिनियमच्या लांब पाइपला बांधायची आणि पाइप हातात धरून गाडीभोवती हळूहळू फिरायचं. एकदा एक पोलिसगाडी थांबली. तरुण पोलिसानं हे काय चाललंय म्हणून विचारलं. दादांना अरबी यायचं ते यल्ला म्हणजे चला आणि खलास म्हणजे झालं, एवढ्यापुरतं. त्यांनी अत्यंत प्रामाणिकपणे तीन शब्दांत खुलासा केला, "रेडिओ. सॅटेलाइट. अमेरिका."

पोलिसानं दोन पावलं मागे जाऊन साहेबाला फोन लावला.

साहेब आले. हिंदी बोलणारे निघाले. त्यांनी दादांचं म्हणणं ऐकून घेतलं, गाडीला एक चक्कर मारली आणि शेवटी स्वतः सीटवर बसून ते बटन दाबलं. पडद्याकडे थोडा वेळ बघून म्हणाले, "मफी सिग्नल. नहीं है." दादा म्हणाले, "इंशाल्ला, आयेगा." साहेबांनी गाडीतून पाण्याच्या दोन बाटल्या काढून दिल्या आणि पुढच्या वेळी टोपी घालून यायला सांगितलं. ही हकीकत दादांनी आम्हाला सांगितली, ती पोलीस आपल्या बाजूचे आहेत अशा थाटात.

डिसेंबरात विमलवहिनी आल्या. दादांच्या बायकोला आम्ही फक्त फोनच्या पडद्यावर बघितलं होतं. सासू सात-आठ वर्षं अंथरुणाला खिळलेली, तिचं सगळं वहिनीच करायच्या. उन्हाळ्यात सासू वारली आणि दादांनी पहिल्यांदाच बायकोसाठी व्हिजिट व्हिसा काढला. वहिनी उंच, सावळ्या, कमी बोलणाऱ्या. विमानतळावरून आल्या त्या दिवशी त्यांनी दादांच्या खोलीतली भांडी मोजून घासली आणि मग चहा प्यायल्या.

पहिल्याच शुक्रवारी दादांनी त्यांना फिरवायचं ठरवलं. गाडी दोनदा धुतली. मागच्या गादीशी, कानाच्या उंचीवर, दोन छोटे स्पीकर बसवले होते, ते आम्हाला तेव्हा दिसले. वहिनी म्हणाल्या, "मी पडली तं? मांगून कोनी येत असन तरच बसतो." म्हणून मिलिंद, सई आणि मी कारनं मागे निघालो.

झल्लाककडच्या मोकळ्या रस्त्यावर दादांनी गाडी बाजूला घेतली. आम्हीही थांबलो. दादांनी बटन दाबलं. काही नाही. अँटेना तिरकी केली, सरळ केली, वायर हलवली, पुन्हा दाबलं. थंडीचे दिवस असूनही त्यांच्या कपाळावर घाम होता. वहिनी हेल्मेट घालून मागे ताठ बसून होत्या. दहा मिनिटं गेली. मला राहवेना. मी जवळ जाऊन म्हटलं, "दादा, राहू द्या ना आज. फिरून या."

ते वायर सोडायला तयार नव्हते. खाली बघतच म्हणाले, "ताई, मी इकडं आलो तवा लग्नाले दोन महिने झाले होते. हिले एक ट्रान्झिस्टर देऊन आलो. म्हनलो, मी येतो तवरोक हा बोलत राहीन तुह्यासंगं. बावीस वर्सं झाले. आता माह्याकडं आली, तं म्हनलं, सगळ्यात मोठा रेडिओ ऐकवतो."

वहिनींनी हेल्मेटची काच वर केली.

"लई आयकला रेडिओ," त्या म्हणाल्या. "सैपाक करताना आयकला, वावरात आयकला, तुमच्या मायच्या उशाशी बसून आयकला. तीन ट्रान्झिस्टर झाले. आता बंद करा ते, अन् तुमीच बोला."

दादांनी रेडिओ बंद केला. जिन्यात अर्धा तास न थांबता बोलणारा माणूस हातातली वायर गुंडाळत होता. मग म्हणाले, "काय बोलू?"

"काईबी. इथं तुमी काय करत होते ते सांगा."

दादा गाडीवर बसले. गाडी निघाली, मागे आम्ही. बराच वेळ समोर दोन ताठ हेल्मेट तेवढी दिसत होती. मग दादांनी डावा हात उचलून वाळूतल्या तेलाच्या पाइपांकडे दाखवलं. वहिनींनी मान वळवून बघितलं. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी पुन्हा काहीतरी दाखवलं, आणि मग हात खाली येईचना. वहिनींनी मागची दांडी सोडली आणि हात त्यांच्या खांद्यावर ठेवला.

"चाळीसनं चाललेत," मिलिंद म्हणाला. "पुढे काढू?"

"नको."

मागून येणाऱ्या गाड्या आम्हाला ओलांडून जात होत्या. दादा आता उंटांच्या कुंपणाकडे बोट करून काहीतरी सांगत होते, आणि वहिनी ते नीट ऐकू यावं म्हणून पुढे वाकल्या होत्या.