बाबांचं ‘हं’

तुम्हाला दार आपटल्याचा आवाज हवाय? मला विचारा! जुनं दार, नवं दार, रागाने आपटलेलं, वाऱ्याने आपटलेलं, काय हवं ते फुकटात कुठल्या वेबसाइटवर मिळतं ते मला तोंडपाठ आहे. रंग सुधारून देणारी साइट वेगळी, बोललेलं ऐकून खाली अक्षरं उमटवणारी वेगळी. शिवाय जगभरातले एडिटर जिथे एकमेकांना मदत करतात (म्हणजे दिग्दर्शकांच्या नावाने बोटं मोडतात), तिथे तर माझा शब्द प्रमाण मानतात! एडिटिंगचं असं एकही ऑनलाइन टूल नाही, जे मी वापरून सोडलेलं नाही.

आणि हे सगळं बसल्या जागी! आमच्या वेळी काय होतं? तळघरातली खोली, जाड पडदे, दोन मशीनं, आणि ती तापली की येणारा धुळीचा कोमट वास. अजूनही कुठे तो वास आला की मला भरून येतं, खरंच सांगते. दाराचा आवाज हवा असला की आमचे मास्तर मायक्रोफोन धरून जिन्यात उभे राहायचे आणि मी दार आपटायची. एकदा वरच्या मजल्यावरच्या बाई कडाडल्या, “अगं कार्टे, दार मोडशील!” त्यातलं ‘कार्टे’ काही केल्या टेपवरून निघेना. पुढे कित्येक वर्षं आमच्या स्टुडिओच्या प्रत्येक गंभीर प्रसंगात नायिकेने दार लावलं की मागून बारीक आवाजात ‘कार्टे’ ऐकू यायचं!

असो. परवा आई म्हणाली, “तू ती घरातली कॅसेट काढली होतीस ना, बाबांची? ती मला एकदा लावून दे गं.”

“देईन की! तुझ्या वाढदिवसाला लावू.”

“नक्की लाव. मला त्यांचा आवाज आठवेनासा झालाय.”

हे तिने कपडे वाळत घालता घालता अगदी सहज सांगितलं. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. फोटो ढीगभर आहेत, पण आवाज त्या एकाच कॅसेटवर. मी पहिला कॅमेरा घेतला तेव्हा तो चालू करून स्वयंपाकघरातल्या स्टुलावर ठेवला आणि विसरून गेले. आई भाजी चिरत अखंड बोलतेय आणि बाबा समोर बसून चहा पितायत, एवढीच काय ती फिल्म.

मी जुनं मशीन माळ्यावरून काढलं, कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. उतरून होते न होते तोच मशीनने टेप चावली! ओढून काढली तर नुसता लोकरीचा गुंता. म्हटलं, जाऊ दे, कॉपी तर झाली.

दादाने फोनवर बजावलं, “आहे तशी लाव. उगाच कारागिरी करू नकोस.”

“आहे तशी लावायला मी एडिटर आहे की पोस्टमन?”

पहिल्या साइटने पंख्याची घरघर घालवली. वा! दुसरी साइट म्हणे पुसट चेहरे स्पष्ट करून देते. तिला बाबांचं टक्कल म्हणजे बिघाड वाटला असावा, कारण तिने त्यांच्या डोक्यावर दाट, कुरळे केस उगवले! नेमकी त्याच वेळी आई मागे येऊन उभी राहिली.

“हा कोण गं मेला?”

“अगं, बाबा आहेत.”

“डोळे फुटले का तुझे? आणि ह्यांचा शर्ट घालून माझ्या स्वयंपाकघरात चहा काय पितोय?”

तिला कशीबशी बाहेर पाठवली आणि केस काढून टाकले. त्याच वेळी थांबायला हवं होतं. पण तिसऱ्या साइटवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘बोलण्यातला केरकचरा एका क्लिकमध्ये साफ! अडखळणं, रेंगाळणं, अं-ऊं सगळं गायब!’ मी क्लिक केलं. फिल्म कशी आटोपशीर झाली! सुरुवात पाहिली, शेवट पाहिला, खूश झाले. आणि मूळ फाइल पुसून टाकली. आमच्या पिढीची खोडच ती! कॅसेटी महाग असायच्या, एक काम संपलं की तिच्यावरच दुसरं चढवायचं. त्यामुळे काम झालं की पुसायला हात आपोआप जातो.

वाढदिवसाला दादा आला. आईने चष्मा दोनदा पुसला आणि टीव्हीच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसली. बाबा दिसताच तिने पदर तोंडाला लावला. मग पडद्यावरची आई बोलायला लागली. शेजारणीबद्दल, नळाबद्दल, माझ्या मार्कांबद्दल, दादाच्या बुटांबद्दल! बाबा तिच्याकडे बघतायत. कप ओठाशी. लगेच कप टेबलावर. लगेच परत ओठाशी. आणि तोंडातून चकार शब्द नाही!

“आवाज मोठा कर ना,” आई म्हणाली.

“मोठाच आहे गं.”

“मग हे का नाही बोलत?”

थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, “मला आपलं वाटायचं, हे मला उत्तर देतात. कधीच देत नव्हते का रे? म्हणजे सगळा जन्म मी भिंतीशीच बोलले की काय?”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या बाबांनी घरातल्या प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर दिलं होतं, ‘हं’! आणि त्या तिसऱ्या साइटने प्रत्येक ‘हं’ केर समजून झाडून टाकला होता!

“मूळची लाव,” दादा म्हणाला.

“नाहीये.”

“नाहीये म्हणजे?”

“पुसली.”

दादाने माझ्याकडे असं पाहिलं की त्यापेक्षा ‘कार्टे’ म्हणणाऱ्या त्या बाई परवडल्या! आई परत चष्मा पुसायला लागली, आणि तेच मला सहन होईना. मी लॅपटॉप उघडला. साइटच्या एका कोपऱ्यात बारीक अक्षरं दिसली, ‘काढलेले भाग’. देवाचं नाव घेऊन दाबलं, आणि जे आलं ते तसंच टीव्हीवर लावलं.

बाबा. “हं.”

बाबा. “हं?”

बाबा. “हंऽऽ.”

बाबा. “हं, हं, हं.”

एकामागून एक नुसते हंच! दादाला फिस्सकन हसू आलं, त्याचं बघून मला आलं, आम्ही दोघं पोट धरून हसायला लागलो.

“गप्प बसा रे!” आई खेकसली. “ऐकू द्या मला!”

मी परत पहिल्यापासून लावलं.

“हा, हा ‘ऐकतोय’चा आहे,” आई पुढे सरकून म्हणाली. “हा ‘ऐकत नव्हतो, परत सांग’चा. हा बघ, हा चहात साखर कमी पडल्याचा! आणि हा...” ती चक्क लाजली. “हा तुम्हाला नाही कळायचा.” पुढचा ‘हं’ जरा जोरात आला. “अगंबाई, इथे तर भांडलेत माझ्याशी!”

तिने ते परत लावायला लावलं. मग परत. डोळ्यांतून पाणी आणि तोंडभर हसू, दोन्ही एकदम. मलाही रडू आवरेना. बाबा असे समोर बसून आमच्याशी बोलतायत, हे मी किती वर्षांत अनुभवलं नव्हतं.

“आई,” मी नाक पुसत म्हटलं, “हे सगळे तुकडे मी हाताने जागच्या जागी बसवून देते. अगदी होतं तस्सं.”

“खबरदार हात लावशील तर! मध्ये मध्ये मी नसले तर किती बोलतात बघ! सगळ्या जन्मात पहिल्यांदा मी ह्यांना पुरतं ऐकलं.” आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “पण तुला बरं सुचलं गं, मला काढून टाकायचं! शिकलेल्या माणसाचं कामच वेगळं.”

आता मला सांगा, वाढदिवसाच्या दिवशी आईचं मन मोडायचं असतं का?

“अगं, सोपं नाही ते,” मी म्हटलं. “आठवडाभर खपत होते त्यासाठी.”

दादाला असा काही ठसका लागला की आईला त्याच्यासाठी पाणी आणायला उठावं लागलं.