ताटातले आखात

जलाधिपती वरुणदेवाला वंदन करून, आमचे शेजारी गुलाबराव सर यांच्या पंचाहत्तरीनिमित्त हे लेखन वाचकांच्या सेवेत सादर करतो.

अकोल्यापासून समुद्र शेकडो कोस दूर आहे. तरीही रोडग्यांच्या पंगतीत तो सरांच्या ताटात हटकून अवतरतो. इतर मंडळी गोवऱ्यांवर भाजलेला कणकेचा रोडगा कुस्करून मध्ये आळे करतात आणि त्यात वरण घेतात. सर आधी बोटांनी किनारा कोरतात.

"सर, वरन किती वाढू?"

"थांब! तोंड रुंद असलं तं उपसागर, जमिनीत खोल घुसलं तं आखात, अन् चिंचोळं असलं तं खाडी. आज खाडी हाय. हळू सोड."

"तुमच्या खाडीपायी मांगची पंगत उपाशी बसून राह्यली ना, सर!"

तेल्हाऱ्याच्या शाळेत त्यांनी बत्तीस वर्षे भूगोल शिकवला. "मानसाले खाडी अन् आखातातला फरक समजला, का अर्धं जग समजलं," हे त्यांचे ब्रीद. 'आखात' हे मूळचे संस्कृत 'अखात', म्हणजे मनुष्याने न खणलेला जलाशय, असे मी एकदा सांगितले, तेव्हा खूश होऊन त्यांनी वरूडहून संत्र्यांची अख्खी पेटी मागवून माझ्या ओट्यावर आणून ठेवली.

असे हे सर; परंतु समुद्र त्यांनी पाहिलेला नव्हता. एकुलती एक कन्या सुनंदा रत्नागिरीकडे, खाडीकाठीच नांदते. लग्नाला सहा वर्षे झाली, तरी सर तिच्या घराची पायरी चढले नव्हते. कधी गुडघा आडवा येई, कधी कापसाची वेचणी, एकदा तर भिंतीचा ओला रंग. गल्लीतले लोक म्हणत, "जा ना सर, बुडनार नाही तुमी!"

या दिवाळीत सुनंदेने फोनवर निक्षून सांगितले, "बाबा, या खेपेले आले नाही, तं मी बी अकोल्याले येनार नाही." लेक बापाइतकीच हट्टी. सर दोन दिवस नीट जेवले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी, माझी पूजा आटोपण्याची वाट पाहत ते ओट्यावर बसले होते. मी विचारले, "सर, अडचण तरी कोणती?"

"महाराज, मालतीले शब्द देल्ला होता. समुद्र पाहू, तं दोघं संगंच पाहू. दर सुट्टीत काई ना काई निंगे. अन् मंग तीच चालली गेली. आता मी एकट्यानं कसा पाहू?"

मालतीबाई त्यांच्या पत्नी. त्यांना जाऊन आठ वर्षे झाली. मी म्हणालो, "तीर्थाला आपण गेलेल्यांच्या नावाने बुडी मारतोच ना? त्यांच्या नावाने जाऊन या."

सर उठून घरी गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दाराला कुलूप होते.

आठवड्याने परतले. मी उत्सुकतेने विचारले, "पाहिला का समुद्र?"

"मी कायले पाहू? मालतीचा चष्मा नेला होता, तोच लावून उभा राह्यलो. मले तं सारं धुरकट दिसलं, महाराज. सुनंदा हासून राह्यली होती, 'सांगा बाबा, आखात हाय का खाडी?' मी म्हटलं, मले काय पुसतं? तुह्या मायले पाहू दे."

वाचकहो, आपल्या घरच्या जोडप्यांना ठरलेले प्रवास वेळेवर घडोत, लेकींची दारे आपणांस सदैव उघडी असोत, आणि आपले कुल सुखाने नांदो.