पिकाचे जंत आणि नेव्हिओची जागा

पिका कुत्रीला दुसऱ्यांदा जंत झाले तेव्हा नेव्हिओने तिला जाकिटात गुंडाळलं आणि तडक जनावरांचा दवाखाना गाठला. चार महिन्यांचं ते कुरळ्या केसांचं पिल्लू. पोट नगाऱ्यासारखं आणि बरगड्या मात्र मोजून घ्याव्यात अशा. डॉक्टर फ्योरेलाने तिचं पोट चाचपलं आणि चष्मा कपाळावर चढवला. गावाप्रमाणे तीही त्याला बार्बा, म्हणजे काका, म्हणे.

"बार्बा नेव्हिओ, औषध वेळेवर देताय ना?"

"माझी ब्लडप्रेशरची गोळी विसरतो, हिचं औषध नाही विसरत."

"मग ही कुठून तरी जंतांची अंडी पोटात घेतेय. हिला फिरायला नेता कुठे?"

इथे नेव्हिओ सावध झाला. इस्त्रियाच्या टेकड्यांत ट्रफल, म्हणजे ओकच्या मुळाशी जमिनीखाली लपणारी ती महागडी अळंबी, हुडकणारा माणूस एक वेळ बायकोचं खरं वय सांगेल, पण आपली जागा सांगणार नाही. नेव्हिओला त्याच्या बापाने जागा सांगितली ती मरताना, आणि तेव्हाही आधी खोलीतल्या बाकीच्यांना बाहेर काढलं होतं. त्यातून ही फ्योरेला स्वतःच कुत्री घेऊन ट्रफल हुडकत रानात हिंडणारी.

"असंच... जुन्या गिरणीमागे," नेव्हिओने ठोकून दिलं.

फ्योरेला बिचारी गिरणीमागची उंदरांची बिळं बघून आली आणि म्हणाली, "तिथे पुन्हा नेऊ नका." नेव्हिओने हे पथ्य अगदी काटेकोर पाळलं, कारण तो तिथे कधी गेलाच नव्हता. पण दवाखान्यात बाकावर बसलेल्यांनाही कान होते. दुसऱ्या दिवशी अर्धं गाव गिरणीमागे खणत होतं. कुंपण आडवं झालं आणि गिरणीवाला फावडं उगारून लोकांच्या मागे धावला.

महिन्याभरात जंत परत आले. या खेपेला नेव्हिओने कबरस्तानाच्या भिंतीचं नाव घेतलं. त्या रविवारी पाद्रीबाबांनी प्रवचन बाजूला ठेवलं आणि मेलेल्यांना तरी सुखाने झोपू द्या म्हणून सगळ्यांची चंपी केली.

चौथ्या खेपेला फ्योरेला गंभीर झाली. तिने पिकाच्या पांढऱ्या पडलेल्या हिरड्या त्याला दाखवल्या. "बार्बा, हिच्या अंगात रक्त उरलेलं नाही. अजून एकदा असं झालं तर ही हाती लागायची नाही."

घरी आल्विनाने ऐकून घेतलं आणि नवऱ्यापुढे सूप आदळलं. "सांभाळ तुझी जागा. कुत्री मेल्यावर स्वतः हुंगत जा तिथे!"

नेव्हिओने सूप बाजूला सारलं. पिका त्याच्या बुटावर हनुवटी ठेवून पडली होती. तीन महिन्यांची असताना या पोरीने दोन विती खोल मातीखालून सुपारीएवढं ट्रफल काढून दिलं होतं. तसं नाक त्याने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर नाक नसतं तरी त्याचा तिच्यावर तेवढाच जीव होता. सकाळी त्याने फ्योरेलाचं दार ठोठावलं. "चला. दाखवतो."

सवयीने त्याने तिला दोन ओढे उगाचच ओलांडायला लावले. शेवटी एका वाकड्या ओकखाली तो थांबला. फ्योरेलाने चारी बाजू तपासल्या. ना कोल्ह्याची विष्ठा, ना उंदरांची बिळं, सगळं लख्ख. तेवढ्यात पिका आडोशाला बसली. तिचं आटोपताच नेव्हिओने वर्तमानपत्रात तिची शी उचलली, घडी घातली आणि पुडी झोळीत टाकली.

"हे काय?"

"खूण नको राहायला. ताजी शी दिसली की लोक जागा ओळखतात. आमच्या बापाची शिस्त!"

"मग पुडीचं काय करता?"

"घरामागच्या वाफ्यात पुरतो. खत होतं."

फ्योरेलाने चष्मा कपाळावर चढवला. "आणि हिला शिकवायला ट्रफलचे तुकडे कुठे पुरता?"

नेव्हिओने टोपी मागेपुढे सरकवली. "त्याच वाफ्यात. माती भुसभुशीत असते ना."

फ्योरेला ओकला टेकून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "बार्बा, जंतांची अंडी तुम्ही स्वतः पेरताय, मुरवताय आणि हिला खायला घालताय! तो वाफा कुंपण घालून बंद करा, शी कचऱ्यात टाका, औषध मी सांगते तसं पुन्हा द्या. होईल ठणठणीत."

नेव्हिओने झोळी खाली ठेवली आणि तिथेच बसला. "म्हणजे जागा दाखवायची गरजच नव्हती?"

"नव्हती. पण जिवाला लावून घेऊ नका. मी अकरा वर्षं इथे येतेय. तुम्ही गुरुवारी, मी मंगळवारी. गुरुवारचा माणूस तुम्ही, हे मात्र आज कळलं."

"थापा नका मारू. मला एक खड्डा दिसला नाही कधी."

"तुम्ही बसलाय ना, तिथूनच काढलं परवा."

नेव्हिओ उठून गुडघ्यांवर आला. पाचोळा, शेवाळ, मुंग्यांची रांगसुद्धा जिथल्या तिथे. चाळीस वर्षं या धंद्यात मुरलेला गडी तो, पण इतक्या सफाईने बुजवलेला खड्डा त्याने पाहिला नव्हता. म्हणजे आताही दिसत नव्हताच. त्याने टोपी काढून हातात घेतली.

पिका मात्र नेमकी तिथेच आली. तिने नाक खुपसलं, शेपटी ताठ केली आणि रिकाम्या मातीवर अशक्त पायांनी जोरात पंजे मारू लागली.

"अरेच्चा!" फ्योरेला म्हणाली. "हिने पकडलं की मला!"

नेव्हिओची छाती एवढी फुगली की जागा गेल्याचं दुःख त्याच्या ध्यानातच राहिलं नाही.

"डॉक्टर," तो म्हणाला, "ही बरी झाली की मंगळवारी हिलाही नेत चला. गुरुवारपर्यंत इथे तुम्ही शिल्लक काय ठेवणार!"